पार्ट आला नाही

स्क्रू दातांत धरूनच तो बोलायचा. माणूस आमच्या नांदेडकडचा, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान हैदराबादच्या नामपल्लीत. चांगले पार्ट काढून जुने बसवतो, असं सगळे सांगायचे. राज्याची वाटणी झाली त्या उन्हाळ्यात माझा कॉम्प्युटर महिनाभर त्याच्याकडे पडून होता. विचारायला गेलं की एकच, "ताई, पार्ट आला नाही. परसों या."

एकदा त्याच्या दुकानाच्या जिन्यातच आईचा आवाज कानी पडला. तिने म्हटलेली भीमगीतं मी त्या कॉम्प्युटरवर साठवली होती. आई गेल्यापासून ती लावायचा धीर झाला नव्हता. आत मशीन ठणठणीत चालू होतं, आणि तो स्क्रू बाजूला ठेवून, डोळे मिटून तिच्यामागे म्हणत होता.

मला पाहून त्याने घाईने आवाज बंद केला. "ताई, पार्ट..."

"नाही ना आला?" मी स्टूल ओढलं. "मग लावा की पुन्हा."