पुतळ्याच्या ओठाला ट्रम्पेट

तेयो बुर्गोस सेहेचाळीस वर्षं साल्सा गायला. पोन्सेपासून मायाग्वेसपर्यंत आमच्या बेटावरची एक जत्रा त्याने सोडली नाही, आणि त्यातली बावीस वर्षं मी कोरसमध्ये उभा राहून त्याची पाठ पाहिली. समोरच्या कुणाच्या टकलावर, कुणाच्या सासूवर तो उभ्या उभ्या ओळी रचायचा. वाद्य मात्र एकही येत नव्हतं. हातात खुळखुळा दिला तरी ताल चुकवायचा.

गावाने त्याचा पुतळा बसवायचं ठरवलं. राजधानीतल्या, सान हुआनच्या मूर्तिकाराला कुणीतरी एक जुना फोटो पाठवला. त्यात तेयोच्या हातात मोंचोचं ट्रम्पेट होतं. मोंचो आमचा ट्रम्पेटवाला. तो माशाची भजी आणायला जाताना "धर जरा" म्हणून देऊन गेला होता.

अनावरणाच्या दिवशी चादर ओढली, तर धातूचा तेयो गाल फुगवून ट्रम्पेट फुंकतोय!

"अहो बाई, माझं तोंडच बंद केलंत की!" तेयो महापौरबाईंना म्हणाला.

"माएस्त्रो, ट्रम्पेट कापलं तर ओठही जातील. विचारलंय मी. आणि शोभतंय हो तुम्हाला."

मग शाळेच्या सहली येऊ लागल्या. "हे आपले थोर ट्रम्पेटवादक," मास्तर सांगायचे. तीस वर्षं त्याचं गाणं ऐकलेला बेकरीवालासुद्धा एकदा म्हणाला, "तेयो, हल्ली वाजवत नाहीस रे?"

शेवटी त्याची बायको प्रोवी वैतागली. "पुतळा काही गायला शिकणार नाही. तूच फुंकायला शीक."

एकाहत्तराव्या वर्षी तेयो मोंचोकडे शिकायला बसला. तिसऱ्या दिवशी वरची कवळी निसटून मोंचोच्या कॉफीत पडली. शेजारच्या कोंबड्यांनी अंडी देणं थांबवलं आणि त्यांच्या मालकिणीने प्रोवीशी बोलणं.

गावदेवाच्या जत्रेत लोकांना ट्रम्पेटच हवं होतं. म्हणून आम्ही ठरवलं, तेयो पुतळ्यापुढे एक ट्रम्पेट ओठाला लावून नुसते गाल फुगवेल, वाजवेल मोंचो, चौथऱ्यामागे दडून. बेत झकास चालला. टाळ्या इतक्या पडल्या, की मोंचोला राहवेना. तो वाजवत वाजवत बाहेर आला आणि कमरेत वाकला. तेयोचे गाल अजून फुगलेलेच.

"हा कोण?" कुणीतरी विचारलं.

"माएस्त्रोंचा शिष्य असेल. छान तयार केलाय."

"शिष्य? मी?" मोंचो ट्रम्पेट काखेत मारून तरातरा घरी निघून गेला.

तेयोने आपलं ट्रम्पेट खाली ठेवलं, माइक ओढला आणि गायला लागला. मोंचोवर, कवळीवर, त्या धातूच्या मुक्या माणसावर. वीस मिनिटं थांबला नाही. कोरसमध्ये आमचा श्वास पुरेना. दहा वर्षांत तो असा गायला नव्हता. माझे डोळे भरून आले.

गाणं संपलं. पहिल्या रांगेतली म्हातारी पंख्याने वारा घेत शेजारणीला म्हणाली, "बाजावाला असून गळा बरा आहे गं."

मोंचो मंगळवारी तालमीला आला, काही घडलंच नाही अशा थाटात. आणि महापौरबाईंनी पुतळ्याखालच्या पाटीवर एक ओळ वाढवली: 'गातातही.' तेयोने चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"चला," तो मला म्हणाला, "एवढं तरी मान्य केलं."