डोळ्यावरचं कुंकू

खालापूर रस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात प्रसाधनगृहांची देखभाल माझ्याकडे आहे. त्यात हात न लावता साबण देणारी मशीनं म्हणजे माझी खास डोकेदुखी. त्यांचा तोरा जावयाचा. साबण घट्ट झाला की रुसतात, पाणी घालून पातळ केला तरी रुसतात. तोंडाशी वाळका थेंब राहिला तर बघायलाच नको.

बायकांच्या बाजूला मावशी असतात. मूळच्या कशेळ्याच्या, आता भिसेगावात राहतात. आधी त्या आमच्याच स्वयंपाकघरात भांडी घासायच्या. हातांना भेगा पडून रक्त यायला लागलं, म्हणून इकडे आल्या. रोज कोमट पाण्याने एकेका मशीनचं तोंड पुसतात आणि त्याच्याशी बोलतात, "काय झालं रं तुला आज? दे की बाईला जरा!" मला हे ऐकायला फार आवडतं.

गेल्या दसऱ्याला मावशींनी हत्यारांची पूजा केली. बादली, मॉप, वायपर, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. मग मशीनांनी काय पाप केलं होतं? कपाळ शोधताना तोंडाच्या जरा वर टिकलीएवढी काळी काच दिसली. मावशींनी तिथंच ओलं कुंकू लावलं. नेमका तोच हात ओळखणारा डोळा! मशीनांना वाटलं, समोर हात आहे. साबण वाहतच सुटला. त्यात सुट्टीची गर्दी. एक बाई फेसावरून पडता पडता वाचल्या.

मॅनेजरसाहेब तणतणत आले. "मावशी, उद्यापासून तुम्ही परत भांड्यांना!"

मावशींचा चेहराच उतरला. त्यांनी दोन्ही हात ॲप्रनखाली घेतले.

मी फडक्याने एक डोळा पुसला. साबण थांबला. "साहेब, बिघाड नाही हो. कुंकू फक्त जरा खाली लागलंय."

मग मावशीच म्हणाल्या, "चुकलं माजं, साहेब. मी जाते भांड्यांना. पन सणाच्या दिशी यांचं कपाळ उघडं नका ठेवू."

साहेबांनी मशीनकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं. मग कुंकवाची वाटी उचलून मशीनच्या झाकणावर स्वतःच एक बोट टेकवलं.

"इथं लावायचं," ते म्हणाले. "आणि उद्या वेळेवर या. इथंच."