गिफ्ट लेटरमधली खालची खोली

तुम्ही चहा घ्या, मी सांगतो. घोटाळा माझाच आहे, त्यामुळे दुसऱ्या कुणाचं नाव खराब व्हायची भीती नाही. एकतीस वर्षं मी शेवगावच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. आणि त्याच इंग्रजीपायी माझ्या मुलीचं विलायतेतलं घर हातचं जाता जाता राहिलं.

आमची स्नेहल नर्स. आई मनोरमाही नर्सच होती, मिशनच्या दवाखान्यात. स्नेहल सहा वर्षं झाली उत्तर इंग्लंडमधल्या एका गावात आहे, जावई अविनाशही तिथेच नोकरीला. भाड्याच्या घराच्या भिंतींना ओल, घरमालक ऐकत नाही. शेवटी त्यांनी एक घर पाहिलं. वर दोन खोल्या, खाली बैठक, स्वयंपाकघर आणि त्याला लागून एक छोटी खोली. मागे दोरी बांधून कपडे वाळत घालता येतील एवढी जागा. बँक कर्ज देत होती, पण आपला म्हणून जो हिस्सा आधी भरावा लागतो तो थोडा कमी पडत होता. आम्ही म्हटलं, आमची ठेव आहे, ती कशासाठी ठेवलीय? ती नको म्हणाली, मग हो म्हणाली. इथपर्यंत सगळं छान होतं.

मला वाटलं होतं, घराची किंमत म्हणजे घराची किंमत. स्नेहलनं व्हिडिओ कॉलवर यादी वाचून दाखवली. वकिलाची फी, भिंती तपासायला येणाऱ्या माणसाची फी, तिकडचं मुद्रांक शुल्क, कर्जाची फाईल करायचे वेगळे. आपण आपणच आहोत हे तपासायचेसुद्धा पैसे. मी विचारलं, चहा पाजायचे वेगळे घेतात का? ती हसली नाही. नुकतीच ड्यूटीवरून आली होती.

मग इकडे नगरला, आमच्या सावेडीतल्या बँकेच्या फेऱ्या सुरू झाल्या. अविनाश म्हणाला, मोबाईलच्या ॲपवरून पाठवा, भाव बरा मिळतो. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, सर, तिकडचे वकील पैसे कुठून आले याचा कागद मागतात, तो आम्ही देऊ. म्हणून बँक ठरली. वर्षात एका माणसानं ठरावीक रकमेच्या वर पाठवलं की बँक टॅक्स आधीच धरते. तो पुढे परत मिळतो, पण तोवर अडकून पडतो. म्हणून निम्मे माझ्या खात्यातून, निम्मे मनोरमाच्या. पाच फेऱ्या झाल्या. स्कूटर लावायला जागा शोधण्यातच माझा अर्धा जीव गेला.

आणि मग ते पत्र आलं.

तिकडच्या वकिलानं एक नमुना पाठवला होता, त्याला गिफ्ट लेटर म्हणतात. चार ओळी. ही रक्कम भेट आहे. ती परत मिळण्याची आमची अपेक्षा नाही. या घरावर आमचा कोणताही हक्क नाही आणि पुढेही राहणार नाही. खाली सही.

आता तुम्हीच सांगा, हे काय पत्र झालं? ना मायना, ना माया. दिवाणखान्यात बसून तीनदा वाचलं. पोरीच्या घरावर माझा हक्क नाही, हे मला माहीतच आहे. पण ते असं लिहून द्यायचं? वर माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं, यापेक्षा बरं इंग्रजी आपण लिहू.

लिहिलं. एक पानभर लिहिलं. एका बापाचं मन, लेकीचे कष्ट, सगळं आलं त्यात. आणि शेवटी दोन वाक्यं घातली, ती मला फारच आवडली होती. मराठीत सांगायचं तर अशी: ‘माझ्या पत्नीच्या गुडघ्यांना जिने सोसत नाहीत, तेव्हा खालची छोटी खोली आमच्यासाठी राखून ठेवावी. आणि या प्रेमाची परतफेड लेक आमच्या म्हातारपणी आपल्या परीनं करीलच, असा आम्हाला विश्वास आहे.’

मनोरमाला म्हटलं, इथे सही कर. तिनं विचारलं, वकिलानं पाठवलंय तेच ना? मी म्हटलं, त्याचंच जरा सुधारून. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून थेट वकिलाला मेल केलं. स्नेहलला कशाला त्रास, असा माझा समंजस विचार.

तीन दिवसांनी वकिलाचं उत्तर. अतिशय नम्र. देणगीदार पतीपत्नी या घरात कायम राहायला येणार आहेत का? आणि परतफेड कोणत्या मुदतीत अपेक्षित आहे? रक्कम परत करायची असेल तर ती भेट नसून कर्ज ठरते, आणि तसं बँकेला कळवणं आपल्याला बंधनकारक आहे. आणखी एक. आधार कार्डावर अहमदनगर आहे, बँकेच्या कागदावर अहिल्यानगर, तर आपण नक्की कोणत्या शहरात राहता?

इथे थांबलो असतो तर निभावलं असतं. पण प्रश्न विचारला आणि उत्तर दिलं नाही, असं आमच्याकडून आयुष्यात झालेलं नाही.

दुसरं पत्र दोन पानी झालं. त्यात परतफेड हा शब्द नैतिक अर्थानं वापरल्याचं समजावून सांगितलं. शहर एकच असून नाव बदललं आहे, आणि बोलताना सगळे नगरच म्हणतात, म्हणजे खरं तर नावं तीन, हेही सांगितलं. आणि खोलीबद्दल लिहिलं की कायम नाही, देवाची इच्छा असेल तर दरवर्षी उन्हाळ्यात पाच-सहा महिने येऊ.

त्यावर वकिलानं एक फॉर्म पाठवला. घरात राहणाऱ्या मोठ्या माणसांनी, बँकेनं उद्या घर ताब्यात घेतलं तर आम्ही आडवे येणार नाही, असं लिहून द्यायचं. तेही दुसऱ्या एखाद्या वकिलाकडून अर्थ समजावून घेऊन, त्याच्यासमोर सही करून.

मी कोर्टाजवळच्या एका ओळखीच्या वकिलाकडे गेलो. त्यांनी फॉर्मवर नजर टाकली, म्हणाले, म्हणजे आपलं हक्कसोडपत्रच की. शेताच्या वाटणीत करतात तसं. आपल्या कारकुनाला, खर्डा गावच्या बबनरावांना, त्यांनी ते पक्कं स्टॅम्प पेपरवर टाईप करायला सांगितलं. बबनराव टाईप करता करता थांबले.

“सर, तीस वर्सं झाली हक्कसोड टाईप करतोय. पन हितं पोरी सह्या करत्यात, भावासाठी. बाप पोरीला हक्क सोडून देतोय, असं पैल्यांदाच बगतोय.”

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. छाती थोडी फुगलीसुद्धा. घरी येऊन त्या कागदाचं मी स्वतः इंग्रजी केलं. सदर मिळकतीतील माझा संपूर्ण हक्क, हिस्सा व हितसंबंध मी स्वखुशीनं सोडत आहे, वगैरे. मनोरमाची सही घेतली आणि पाठवून दिलं.

तुमच्या लक्षात आलं का काय झालं ते? माझ्या आलं नव्हतं. हक्क सोडायचा तर तो आधी असावा लागतो. वकिलानं एवढंच विचारलं, की आपण जो हक्क सोडत आहात तो आपल्याला केव्हा आणि कसा मिळाला, याचा कृपया खुलासा करावा. तोवर फाईल थांबवली आहे. या पत्राची प्रत त्यानं स्नेहललाही पाठवली होती.

स्नेहलचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होतो. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती सावकाश बोलत होती, खूप दमलेल्या माणसासारखी. तिच्या आवाजातली ही दमणूक मी ओळखतो, मनोरमाही असंच बोलायची दवाखान्यातून आल्यावर. बँकेनं कर्ज अडवून ठेवलं होतं. घर विकणाऱ्या बाईंनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती, आणि दुसरं एक जोडपं ते घर दोनदा बघून गेलं होतं. अविनाश तिच्याशी नीट बोलत नव्हता, कारण तुझ्या वडिलांना आवर असं तो म्हणाला होता आणि तिनं ऐकून घेतलं नव्हतं. आता नकोच ते घर, म्हणाली, आहे तिथे ओलीत राहू.

मी काहीतरी सांगायला गेलो, की मी फक्त खोलीचं सुचवलं होतं.

“पप्पा,” ती म्हणाली, “ते घर मी पसंत केलं कशासाठी? खाली खोली आहे म्हणूनच ना? मम्मीला जिना नको म्हणून अकरा घरं सोडली मी. ते तुम्ही कागदावर कशाला मागितलंत?”

मी निवडून झालेली भाजी पुन्हा निवडायला लागलो.

मनोरमानं माझ्या हातातून फोन घेतला. तिनं फक्त विचारलं, पहिला तो नमुना आहे का अजून? स्नेहलनं पाठवला. मनोरमा चष्मा लावून झेरॉक्सवाल्याकडे स्वतः गेली, गुडघे धरत. प्रिंट आणली, सही केली, मला दिली. मी पेन घेऊन वाचायला लागलो तर म्हणाली, “वाचू नका. सही करा. मी जन्मभर पेशंटचे फॉर्म भरले. रकान्यात विचारलंय तेवढंच लिहायचं असतं.”

मी सही केली. जोडीला स्नेहलनं वकिलाला विचारून आणखी दोन ओळी आणल्या: आधीची सगळी पत्रं आम्ही मागे घेत आहोत, आणि आम्ही तिथे राहायला नाही, पाहुणे म्हणून येऊ. त्याखालीही सही केली. पाहुणे हा शब्द दोनदा वाचला, पण केली.

घर मिळालं. अगदी शेवटच्या दिवशी मिळालं. पण मधल्या दिवसांत बँकेच्या जुन्या व्याजदराची मुदत संपली होती. नवा दर थोडा चढा निघाला, म्हणजे हप्ता दर महिन्याला थोडा जास्त. किती, ते स्नेहलनं मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. अविनाशचा मात्र घराच्या किल्लीचा फोटो आला, खाली हात जोडल्याची खूण. ती देवाला होती की मला, कळलं नाही.

गेल्या आठवड्यात त्यानंच आणखी एक फोटो पाठवला, काही न लिहिता. वकिलाचं शेवटचं बिल. ठरलेली फी, नोंदणी, घराच्या कागदपत्रांचा शोध वगैरे. आणि सगळ्यात खाली एक जादा बाब: ‘देणगीदाराची पत्रे वाचणे व त्यांचा अर्थ लावणे, साडेतीन तास.’ पुढे आकडा.

एकतीस वर्षं मी इंग्रजी शिकवायचा पगार घेतला. माझं इंग्रजी वाचायचे पैसे घेणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. बरं, तासाचा त्याचा दर माझ्या शेवटच्या महिन्याच्या पगारापेक्षा फार कमी नव्हता. आणि अर्थ त्यालाही लागला नव्हता.