घड्याळजीला सांगितलेली गोष्ट

दवाखान्याच्या कागदांत ती आरोग्यशिक्षिका होती, पण सगळ्या जणी तिला मास्तरीण म्हणायच्या. मी तिथली नर्स. बारा वर्षं तिच्याबरोबर वस्त्या पालथ्या घातल्या, म्हणून हे सांगते.

मास्तरीण बोलायला लागली की बायका हातातलं काम बाजूला ठेवायच्या. गरोदर बाईला सांगायची, "लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, लिंबूपाण्याबरोबर घे. आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खात बसू नकोस, आधी तू जेव. सासूबाई बोलल्या तर माझं नाव सांग, मला शिव्या पचतात." बायका हसायच्या आणि हसता हसता तपासणीला कबूल व्हायच्या. "पाच मिनिटांचं काम. आणि तुझी गोष्ट तुझ्या-माझ्यात राहील," हे ती प्रत्येकीला सांगायची.

तिची धाकटी नणंद कपड्यांच्या कारखान्यात काजं करायची. तिथे आम्ही गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी ठेवली, तर एक बाई पुढे येईना. मास्तरणीने नणंदेला गाठलं.

"तू पहिली हो. तुला बघून बाकीच्या येतील."

"वहिनी, ह्यांना कळलं तर?"

"कसं कळेल? मी सांगणार आहे का?"

नणंद आत गेली. तिच्यामागून एकतीस जणी आल्या. त्या एकतीस जणींचं सगळं ठीक निघालं. नणंदेच्या तपासणीत पांढरा डाग दिसला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा कॅन्सर नाही. पण सोडून दिलं तर काही वर्षांनी होऊ शकतो. मोठ्या इस्पितळात गुरुवारी या, दहा मिनिटांत जाळून टाकू. नंतर महिनाभर नवऱ्यापासून लांब राहायचं."

पहिल्या गुरुवारी नणंद आली नाही. दुसऱ्या गुरुवारीही नाही आणि तिसऱ्याही. विचारलं की एवढंच म्हणायची, "बघते."

मास्तरणीचं जेवणात लक्ष लागेना. मी तिला म्हटलं, "अगं, हे दोन-चार महिन्यांनी बिघडत नाही. धीर धर. तिला काय अडतंय ते विचार." तिने मान हलवली. पण दुसऱ्याच दिवशी दुपारी, आम्ही दोघी वस्तीतून परतताना, ती नंदाव्याच्या, म्हणजे नणंदेच्या नवऱ्याच्या, दुकानाशी थांबली. तो घड्याळजी होता. डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळात काटा बसवत होता. समोर एक गिऱ्हाईक उभं होतं.

मास्तरणीने हळू आवाजात नणंदेच्या डागाचं आणि गुरुवारच्या इलाजाचं नीट समजावून सांगितलं. त्याने मान वर केली नाही.

"कशाने होतं हे?" त्याने विचारलं.

तिथेच तिने गप्प बसायला हवं होतं. पण कुणी विचारलं की सांगायचं, ही बारा वर्षांची सवय. "एक विषाणू असतो. संबंधांतून येतो."

"म्हणजे बाहेरून आणला."

"तसं नाही. तो वर्षानुवर्षं अंगात गप्प राहतो. कुणाचा दोष नसतो त्यात."

गिऱ्हाईक खाकरलं. घड्याळजी बारीक हसला. त्या हसण्याने मास्तरणीचं डोकं फिरलं. "आणि आणलाच असेल, तर तिनेच कशावरून? तुमचं लग्नाआधीचं कुणाला माहीत नाही का?"

मी तिचं कोपर ओढलं, पण शब्द तोंडातून गेला होता. त्याने भिंग काढून ठेवलं. "घड्याळ उद्या न्या," गिऱ्हाइकाला म्हणाला.

संध्याकाळी पाळी सुटली तेव्हा तो कारखान्याच्या फाटकाशी उभा होता. हातात पिशवी, पिशवीत बायकोचे चार कपडे. सगळ्या बायकांदेखत त्याने ती तिच्या हातात कोंबली. "तुला रोग आहे, तुझ्या वहिनीनेच सांगितलंय. आता तिलाच निस्तरू दे."

सात वर्षांची लेक त्याने ठेवून घेतली. नणंद शाळेच्या दाराशी भेटायला गेली, तर पोरीने दोन्ही हात पाठीमागे लपवले. "बाबा म्हणाले, तुला हात लावला की मलापण होईल."

पुढच्या गुरुवारी नणंद इस्पितळात गेली. तिला अडवायला आता कुणी उरलं नव्हतं. खरंच दहा मिनिटं लागली. मास्तरणीने तिचा हात धरायला हात पुढे केला, तर तिने माझा धरला.

ती भावाच्या, म्हणजे मास्तरणीच्याच घरी राहिली. वहिनीशी बोलणं बंद. कारखान्यात मात्र तिने प्रत्येकीला सांगितलं, "तिच्यापुढे पोटातलं ओठावर आणू नका." पुढच्या तपासणीला चार जणी आल्या. कारखान्यातल्या इस्त्रीवालीच्या छातीत तेव्हाच गाठ होती, पण ती दाखवायला आली नाही. ती आली आठ महिन्यांनी, कातडी ओढली गेल्यावर. मास्तरणीला बघून म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा." पुढचं वर्ष इस्त्रीवालीने पाहिलं नाही.

वर्षाने नणंदेची पुन्हा तपासणी झाली. सगळं स्वच्छ निघालं. त्या सकाळी मी कागद द्यायला घरी गेले होते. मास्तरणीने ओट्याशी तिचे पाय धरले. "माझं चुकलं गं. तू घाबरून येत नव्हतीस, म्हणून मी..."

"घाबरून?" वर्षभरात पहिल्यांदा नणंद तिच्याशी बोलली. "ते महिनाभर परगावी, त्यांच्या भावाच्या दुकानावर बसायला जाणार होते, तारीखसुद्धा ठरली होती. ते गेले की पहिल्याच गुरुवारी मी जाणार होते. लांब राहायचा महिना आपोआप निघाला असता, त्यांना कळलंही नसतं. मला एकदा विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

मास्तरीण फरशीवर तशीच बसून राहिली. नणंदेने पाय सोडवून घेतले, डबा भरला आणि ती कामावर निघून गेली.