रमिला आणि संध्याकाळची गिनती

जेलमधल्या बायांची कायद्याची कामं करायला लागल्यापासून माझ्या पर्समध्ये अर्ज कमी आणि किस्से जास्त झालेत. घरी सांगितले तर सासूबाई म्हणतात, तू बनवून सांगतेस. अहो, एवढं बनवायला डोकं लागतं, ते या कामात केव्हाच गहाळ झालं! जेल कुठलं ते विचारू नका, मला परत तिथंच जायचंय.

*

रमिला धडगावकडच्या पाड्यावरची. केस अजून सुरू व्हायची होती आणि तिला सातवा महिना लागला होता. घरी पावरी बोलणारी, मराठी मोजकंच. पहिल्या भेटीत एवढंच म्हणाली, "पहिलं पोर रस्त्यात गेलं, झोळीत. हे दवाखान्यात होऊ दे."

तिच्या पाड्यावर गाडी जात नाही, अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून दवाखान्यापर्यंत आणतात. मी तशीच जेलच्या ऑफिसात गेले. तिथल्या क्लार्कभाऊंनी छापील फॉर्म दिला, त्यात रकाना, 'आजाराचे नाव'. मी म्हटलं, हा आजार नाही. ते म्हणाले, मग दवाखाना कशाला? वैतागून मी त्यात 'गरोदरपण' लिहून टाकलं.

आठ दिवसांनी फॉर्म परत आला. वर लाल पेनाचा शेरा होता: 'सदर आजार संसर्गजन्य आहे किंवा कसे, याचा खुलासा व्हावा.'

*

मग दुधाचं. पोटुशीला जास्तीचा आहार मिळतो, हे नियमातच आहे. मी नियम दाखवला, तर क्लार्कभाऊ गिनतीवर आले. जेलात रोज संध्याकाळी माणसं मोजतात, तीच गिनती. आकडा जुळल्याशिवाय साहेबसुद्धा घरी जात नाहीत.

"बाळ गिनतीत आलं की त्याचं दूध काढू, मॅडम," ते म्हणाले. चांगला माणूस हो! बायको गरोदर असताना यांनी काय केलं असेल, याचाच विचार करत मी म्हसावदपर्यंत एसटीत बसले होते.

*

सोनोग्राफीला आधार कार्ड हवं. रमिलाचं आधार पिशवीत, पिशवी पोलीस ठाण्यात मुद्देमाल म्हणून जमा. ती सोडवायला कोर्टाचा आदेश पाहिजे. आणि सरकारी वकील म्हणतात, बाई गरोदर असल्याचा पुरावा द्या, म्हणजे सोनोग्राफीचा रिपोर्ट! मी तीनदा कागदावर बाण काढून बघितले. तिन्ही वेळा मी सुरुवातीलाच येऊन थांबले.

तारखेला न्यायाधीश मॅडमनी दोन्ही बाजू ऐकल्या, चष्मा काढला आणि उभ्या असलेल्या रमिलाकडे बघितलं. "दिसतंय की," म्हणाल्या, आणि पिशवीचा, तपासणीचा, दवाखान्यात बाळंतपणाचा, सगळ्याचा एकदम आदेश दिला.

*

बाई बंदीला बाहेर न्यायला बाई पोलीस लागते. आमच्याकडे ती एकच, शोभाताई. आणि शोभाताईलाही सातवा!

"ती बी पोटुशी, मी बी पोटुशी. रस्तामां काही व्हयनं ते कोन कोनले धरी?" असं म्हणत ती निघाली मात्र. दवाखान्यात नर्सने दोघींना एकाच बाकावर बसवलं, दोघींचं वजन केलं, बीपी बघितलं, आणि केसपेपर उलटसुलट झाले.

रमिलाला शोभाताईचा कागद मिळाला. जेलमध्ये त्यावरच्या डॉक्टरी सल्ल्याचं रीतसर पत्र झालं: 'सदर बंदीने ड्यूटीवर उभे राहू नये.' साहेबांनी सही केली आणि फाईलला लावलं. शोभाताईने मात्र स्वतःचं म्हणून ते पाळलं आणि लवकर रजेवर गेली.

*

म्हणजे आता बाई पोलीस नाहीच! आणि नेमक्या एका दुपारी, मी जेलात असतानाच, रमिलाला कळा सुरू झाल्या. क्लार्कभाऊ म्हणाले, एस्कॉर्ट नाही. मी आदेशाची झेरॉक्स टेबलावर आपटली. खरं सांगते, डोळ्यांसमोर ती झोळी होती. साहेब म्हणाले, पुरुष शिपाई घ्या, पण निघा.

दवाखान्यात पोचलो, रमिला आत गेली. पण वॉर्डाच्या दारात सिस्टरने दोन्ही शिपायांना अडवलं, इथे पुरुष चालत नाहीत. शिपाई म्हणाले, पहाऱ्याशिवाय बंदी ठेवता येत नाही. दोघंही नियमाने बरोबर! मी मध्ये उभी, हातात आदेशाची झेरॉक्स.

तेवढ्यात आतून आवाज आला, "तुम्ही बाहेर बठा. पहाराले मी शे आठे."

कोपऱ्यातल्या खाटेवर शोभाताई. आदल्या दिवशीच बाळंत झालेली, कुशीत मुलगी. तिने झोपल्या झोपल्या पहाऱ्याच्या वहीवर सही केली.

संध्याकाळी रमिलाला मुलगा झाला. रडला, चांगला जोरात रडला. मीही रडले. बरोबर तेव्हाच जेलमधून गिनतीचा फोन आला. शिपायाने दारातून फोन माझ्याकडे दिला, मी शोभाताईच्या कानाला लावला. पलीकडे क्लार्कभाऊ होते. दवाखान्यात किती, म्हणून विचारत होते.

शोभाताईने शेजारच्या खाटेवरच्या रमिलाकडे आणि बाळाकडे बघितलं, मग आपल्या कुशीत.

"चार," ती म्हणाली. "सगळा हजर शेतस."