सहीआधीचा प्रश्न

“ताई, तुमीच ठरवा. आमाला काय त्यातलं कळतंय!” बाबा म्हणाले.

गुंतवणूक सल्लागार बाई किन्हवलीला आमच्या ओटीवर एकदाच आल्या. हायवेत गेलेल्या शेताची भरपाई, एवढीच आमची पुंजी होती. ‘कंपन्यांकडून कमिशन घेत नाही, फी तुमच्याकडूनच घेते,’ हे त्यांनी आधीच सांगितलं. सगळं समजावून झाल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“यात पैसे बुडू कसे शकतात, ते तुमच्या शब्दांत सांगा. मगच सही.”

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “पोर इंग्रजी शाळेत शिकलीय. तिला समजलंय ना!”

मघापासून मी नुसती मान हलवत होते. बाई माझ्याकडे पाहत शांतपणे थांबल्या. त्यांना कसलीच घाई नव्हती.

“बाबा, मलाही नाही समजलं,” मी म्हणाले.