योहान मास्तरांची साक्ष

जेवायला बसलं की योहान मास्तर माणसं कशी मारली गेली ते सांगत. भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवायचा, तोंडात घालायचा आणि म्हणायचं, "कंपाउंडर, इराणच्या बादशहानं त्या बाईले करवतीनं उभी चिरली. दोन अर्धे दोन खांबांवर टांगले. रस्त्याच्या दोन्ही अंगाले." माझा घास हातातच राही. मास्तर मात्र बुक्कीनं कांदा फोडून माझ्यापुढे सरकवत.

बुलढाण्याच्या मिशनात ते शाळेवर होते, मी दवाखान्यात कंपाउंडर. मी माळ्याचा, घरी देवपूजा करणारा. ते धाडकडच्या एका पाटलाघरचे, तरुणपणी बाप्तिस्मा घेतलेले. त्या दिवशी पाठचा भाऊ किसन गाडीची उभारी उपसून धावत आला होता. मास्तरांचा डावा खांदा असा मोडला की तो हात पुन्हा कधी डोक्यावर गेला नाही. आईनं त्यांना उंबऱ्याबाहेर काढलं आणि दुसऱ्या दिवशी सर्वांत धाकट्या मुलाच्या, नामदेवाच्या, हाती त्यांचं घोंगडं पाठवून दिलं. "माय हाय," एवढंच मास्तर त्यावर म्हणत.

मिशनच्या साहेबाकडे हुतात्म्यांच्या कथांचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ होता. मास्तरांनी तो वाचून काढला आणि त्यांचं समाधान होईना. एका विणकराला गावानं दगडांनी ठेचून मारलं, अशी त्यात गोष्ट होती. विणकर मरता मरता मोठं प्रवचन देतो आणि दगडांची फुलं होतात. "फुलं झाली तं मेला कशानं?" मास्तरांनी साहेबाला भर सभेत विचारलं. साहेब हसला. मास्तर हसले नाहीत. मुंबईपुण्याच्या पाद्र्यांना विचारत विचारत त्यांनी शोध लावला की या कथा मुळात सुरियानी भाषेतल्या. इराणच्या बाजूचे जुने ख्रिस्ती ती भाषा लिहीत. आता वऱ्हाडात सुरियानी कोण शिकवणार?

ती भाषा मलकापुरात भेटली. तिथल्या स्टेशनातल्या तारबाबूकडे त्याचा मलबारी मामा येऊन राहिला होता. म्हातारा पाद्री, पांढरी दाढी, प्रार्थना सुरियानीत. मास्तर दर सुट्टीला मलकापूर गाठू लागले. लहानपणी उर्दू शिकलेले असल्यानं उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी त्यांना जड गेली नाही. म्हाताऱ्याजवळ हातानं उतरवलेली एक पोथी होती आणि तीत तो विणकर होता. मास्तर परत आले ते थेट दवाखान्यात.

"सापडला! प्रवचन नाई, फुलं नाई. दगड पडले तसा पयाला. धान्याच्या पेवात लपला. केसाले धरून वर वढला, ख्रिस्ती का म्हून इचारलं, हाव म्हनला, अन् डोकं फुटेवर मारला. बस. जुनी गोष्ट आखूड असते, कंपाउंडर. लांब झाली का समजाचं, मधात कोनीतरी हात घातला."

"मग त्यात हुतात्मा कसला? पळाला की तो!"

"आपल्याकडे शहीद म्हनतात अन् कोर्टात शाहिद म्हनतात ना? सुरियानीत दोन्हीले सहदा. साक्षीदार. पयाला तं पयाला. इचारलं तवा खोटं नाई बोलला."

पुढच्याच उन्हाळ्यात धाडच्या बाजारात दानिएल मारला गेला. महारवाड्यातला, नव्यानं ख्रिस्ती झालेला गाडीवान. बैल तहानले म्हणून त्यानं बाजाराच्या विहिरीत बादली सोडली. किसन पाटील आडवा आला. शिवी झाली, काठी बसली. दानिएलनं भरलेली बादली किसनच्या तोंडावर हाणली. किसननं शेजारच्या लाकडं विकणाऱ्याची कुऱ्हाड उचलली. पहिला घाव खांद्यात, दुसरा पोटात. बाजार उधळला. मिशनच्या कामानं धाडला गेलेले, भाजी घ्यायला थांबलेले मास्तर तेवढे उलट दिशेनं धावले आणि दानिएलचं डोकं मांडीवर घेऊन बसले. त्यांचा सदरा रक्तानं इतका थबथबला होता की मला कात्रीनं कापून काढावा लागला.

साहेबानं मिशनच्या मासिकासाठी मजकूर लिहिला. दानिएलनं हात जोडले, मारेकऱ्याला क्षमा केली आणि प्राण सोडला.

"साहेब, हात जोडले नोयते," मास्तर म्हणाले. "हातात बादली होती. मरेपर्यंत माह्या भावाले मायबहिनीवरून शिव्या देत होता. मांडीवर होता माह्या, आयकत होतो मी."

"याने कोणाचं भलं होणार आहे, मास्तर?"

"त्याचं. तो मेला ना."

कोर्टात सगळ्या बाजारातून एकही माणूस उभा राहिना. कोणी पाठमोरा होता, कोणी घरी गेला होता. मास्तर उभे राहिले. शिव्या, बादली, कुऱ्हाड, सगळं क्रमानं सांगितलं. वकिलानं विचारलं, "आरोपी तुमचा कोण?" "सख्खा भाऊ," ते म्हणाले आणि पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला. किसन तिकडून थुंकला. फाशीची शिक्षा झाली. अपील नागपूरला गेलं, तिथंही तीच कायम राहिली.

किसनला लटकवल्याची खबर आली तेव्हा मास्तरांनी काठी घेतली. "मायले मीच सांगतो."

"जाऊ नका. नामदेव आहे तिथं."

"हाव, हाय ना. तिचा तेवढाच रायला आता."

दुसऱ्या दिवशी दुपारी गावचीच बैलगाडी त्यांना घेऊन आली. गाडीमागून आई चालत आली होती, धाडच्या वाटेची धूळ गुडघ्यापर्यंत. मास्तरांचं कपाळ फुटून हाड दिसत होतं. बरगड्या आत गेल्या होत्या, श्वासागणिक तोंडातून फेसाळ रक्त येई. मी धुतलं, टाके घातले, पट्ट्या बांधल्या. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन नुसती मान हलवली.

आई खाटेच्या पायथ्याशी खाली बसली होती. मास्तरांचं पाऊल तिनं दोन्ही हातांत धरलेलं होतं. ती रडत नव्हती. फौजदार आला, वाकला आणि मोठ्यानं म्हणाला, "मास्तर, कोणी मारलं? नाव सांगा."

मास्तरांनी डोळे उघडले. फौजदाराकडे पाहिलं, मग आईकडे. तिनं मान खाली घातली. पाऊल मात्र सोडलं नाही.

"पाठीमांगून आले, साहेब," ते म्हणाले. "तोंड नाई दिसलं."

"कोणावर संशय?"

"कोनावरच नाई."

फौजदारानं लिहून घेतलं. दिवस मावळायच्या आत मास्तर गेले.

त्यांना शेवटची आंघोळ मीच घातली. साऱ्या जखमा समोरून होत्या. पाठीवर साधा ओरखडाही नव्हता.